चिमट्याचा फेरफार

महसूल खात्यात पस्तीस वर्षे दप्तर सांभाळून अव्वल कारकून या पदावरून मी निवृत्त झालो, तेव्हा सृष्टीतील यच्चयावत वस्तूंची स्थावर आणि जंगम अशा दोन खात्यांत वाटणी झालेली असून तिसरे खाते काढण्यास शासनाची मंजुरी नाही, अशी माझी दृढ समजूत होती. तिला पहिला धक्का माझ्या मोटारसायकलीने दिला. कागदोपत्री ती जंगम; परंतु मस्तान नाका मागे पडून वेगाचा काटा साठाच्या अंकाकडे झुकू लागला की तेवढ्या जंगमपणाने तिचे समाधान होईनासे होई, आणि पुढे जाण्याच्या जोडीने ती आडवीही जाऊ लागे. पुढचे चाक माझ्या हुकुमाप्रमाणे पालघरच्या दिशेने निघालेले असे, आणि मागच्या चाकाचा मनसुबा मात्र वाड्याला जाण्याचा दिसे. एकाच कचेरीत दोन साहेबांचे परस्परविरोधी हुकूम सुटल्यावर मधल्या कारकुनाची जी अवस्था होते, ती मला नवीन नव्हती; फक्त ती ताशी साठ किलोमीटर वेगाने अनुभवण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

गाडी कोणत्या कंपनीची हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता हे पुढे निष्पन्न झाले, आणि निर्दोष इसमाचे नाव पंचनाम्यात घालू नये असा माझा परिपाठ आहे. एवढेच सांगतो की तिच्या पाटीवर ठाण्याचा ०४ हा आकडा आहे. पुढे आमच्या भागातील गाड्यांना ४८ हा आकडा मिळाला. ज्या महामार्गावर मनोर वसले आहे, तो पूर्वी ८ क्रमांकाचा होता, त्यालाही नव्या गणनेत ४८ हाच क्रमांक मिळाला. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी तर ठाण्यापासून पालघर जिल्हाच वेगळा झाला. त्यामुळे शेजाऱ्यांच्या नव्या गाड्या रस्त्याशी सगोत्र असल्याच्या तोऱ्यात धावतात आणि माझी गाडी मात्र परजिल्ह्यातून बदलून आलेल्या कारकुनासारखी अंग चोरून चालते. तिच्या डुलण्याचे कारण हेच असावे, असे एका विद्वान मित्राने मला गंभीरपणे सांगितले होते.

मनोरची जागा, वाहन चालवणाऱ्याची परीक्षा घ्यायचीच असे ठरवून कोणी निवडली असावी, अशी आहे. पश्चिमेला पालघरचा रस्ता, पूर्वेला वाड्याचा, दोहोंना छेदून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि थोडे उत्तरेस चिल्हार फाट्यावरून बोईसरला फुटणारी वाट, जिच्यावरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे टँकर रात्रंदिवस वाहत असतात. महामार्ग सरळसोट, त्यावर अलीकडे डांबराच्या अंगावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम निघाले, तेव्हा एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाताना मधली जी कड लागे, तिच्यावर माझ्या गाडीने केलेले नृत्य मागून येणाऱ्या ट्रकचालकांनी हॉर्न वाजवून वाखाणलेले आहे. पालघरचा रस्ता याच्या अगदी उलट. मासवण सोडून पुढे गेले की काळदुर्गाच्या पायथ्याशी वाघोबाची खिंड लागते आणि वळणामागून वळण येत जाते. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वारल्यांचा हा देव. परंतु त्याच्यासमोरून जाताना हॉर्न वाजवून एक हात कपाळाशी नेण्याचा परिपाठ सर्व जातिधर्मांचे चालक, एसटीचे ड्रायव्हरसुद्धा, पाळताना मी पाहिले आहेत. मीही तो पाळीत असे. पण गाडीला ही व्याधी जडल्यापासून हँडलवरचा एकही हात सोडण्याची माझी छाती होईना, आणि सलग तीन महिने मी वाघोबाला नुसत्या मानेने नमस्कार केला. देवाने तो मानून घेतला असेल. मला मात्र ती थकबाकी वाटत राहिली.

व्याधी जाहीर झाल्याबरोबर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तिच्याविषयी मसलत बसली. आपल्याकडे माणसाच्या आजारावर बोलण्यास निदान वैद्यकीचा थोडासा गंध लागतो. मोटारसायकलीच्या आजारावर बोलण्यास तेवढाही लागत नाही. एकाने हँडलचा कोनसेट गेला म्हणून सांगितले. दुसऱ्याने मागच्या चाकाच्या तारा ढिल्या झाल्याचे निदान केले. तिसऱ्याने गाडीकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि पेन्शन सुरू झाल्यापासून मागच्या चाकावरचा भार वाढला आहे, असा जबाब नोंदवला. चौथा पोस्टातून निवृत्त झालेला. त्याने रस्त्यालाच जबाबदार धरले आणि याबाबत वरपर्यंत अर्ज करण्याची तयारी दर्शवली. सर्वांत अचूक वर्णन दूधवाल्याने केले. त्याच्या स्वतःच्या गाडीला दोन्ही अंगांनी चार कॅन लटकत असतात, त्यांत दूध हिंदकळत असते, वर चाऱ्याची पेंढी असते, आणि तरीही ती गाडी रेघ मारल्यासारखी सरळ जाते. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची गाडी पुढून नाही हालत, ढुंगणातून हालते."

हा भेद शास्त्रीय आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. मोटारसायकलीच्या कंपाचे जे दोन मुख्य प्रकार मानतात, त्यांतील एक पुढचा: हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरते, तापाच्या हुडहुडीसारखे. दुसरा मागचा: वेग वाढला की संपूर्ण गाडी सेकंदाला दोनतीनदा, काहीशा संथ लयीत, शेपूट हलवल्यासारखी डावी-उजवीकडे झुलते. पहिल्यात भीती अधिक वाटते. दुसऱ्यात आरंभी झोपाळ्याचा भास होतो आणि भीती उशिरा वाटते, म्हणून तो अधिक वाईट.

एवढ्यावर मी दूधवाल्याच्या सल्ल्याने मिस्त्रीकडे गेलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु मध्ये रविवार आला. रविवारी पहाटे मुंबईहून थोर थोर मोटारसायकलींचे जथे महामार्गाने निघतात आणि न्याहारीसाठी आमच्या बाजूच्या हॉटेलांवर उतरतात. अंगात कवच, हातांत मोजे, गुडघ्यांवर ढाली. उतरल्यावर ही मंडळी चालू लागतात तेव्हा चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईहून घालवून दिलेले फिरंगी आपल्या मागण्या घेऊन परत आले की काय, असे क्षणभर वाटते. प्रत्यक्षात ती बँकांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारी अत्यंत सालस मुले असतात. त्यांतील एकाने मिसळीचा रस्सा भुरकत माझ्या गाडीचे मागचे चाक हाताने हलवून पाहिले, मित्राकडे अर्थपूर्ण कटाक्ष टाकला, आणि म्हणाला, "काका, तुमचा स्विंग आर्म फ्लेक्स होतोय. स्टॉक पार्ट आहे ना? बाहेरचा टाका. बॉक्स सेक्शन, अ‍ॅल्युमिनियमचा. गाडी रुळावर चालल्यासारखी चालेल."

या वाक्यातले 'काका' आणि 'रुळावर' एवढेच दोन शब्द मला निःसंशय कळले, आणि माणूस नेमका न कळलेल्या शब्दांवर पैसे खर्च करतो. पुढचा अर्धा तास ती मुले मला स्विंग आर्मच्या वंशावळी सांगत होती: दोन नळ्यांमध्ये आडवा टेका जोडून बळकट केलेला, चौकोनी पोकळ पट्टीचा, एकाच पायाचा, ज्यात चाक एका बाजूने उघडे राहते, आणि मापापेक्षा दोन इंच लांब, ज्याने दोन चाकांतील अंतर वाढून सरळ रस्त्यावरचे स्थैर्य वाढते. शेवटच्या प्रकाराविषयी मी वळणांबद्दल पृच्छा केली, तेव्हा वळताना गाडी थोडी आळशी होते, असे उत्तर मिळाले. म्हणजे महामार्गावर कमावलेले वाघोबाच्या खिंडीत गमवायचे. मनोरच्या रहिवाशाला दोन्हीकडे देणे असल्यामुळे हा सौदा मी जागच्या जागी फेटाळला, आणि आपण अगदीच अडाणी नाही, असे मनाचे समाधान करून घेतले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे ढकलले, आतून 'टक्' असा आवाज आला, आणि तो हात पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, चिमटा चांगला आहे. चिमट्याचा बुश गेलाय. दोनशे रुपयांचं काम."

स्विंग आर्म म्हणून ज्याचा एवढा बडिवार चालला होता, तो हा आपला चिमटा! चिमट्याची रचना सांगण्यास कठीण नाही. इंजिनाच्या मागे सांगाड्यात एक आडवी पिन असते. तिच्यावर खिळलेला दोन पायांचा लोखंडी चिमटा मागे पसरतो आणि त्या दोन पायांच्या बेचक्यात मागचे चाक धरलेले असते. खड्डा आला की चिमटा वर उचलला जातो, शॉकअप त्याला पुन्हा खाली बसवतो. महसुली भाषेत सांगायचे तर चिमट्याला वर-खाली जाण्याचा वहिवाटीचा हक्क आहे. आडवे जाणे हे अतिक्रमण. हे अतिक्रमण होऊ न देण्याचा सगळा बंदोबस्त पिनेभोवती बसवलेल्या दोन लहान बांगड्यांकडे असतो, त्यांना बुश म्हणतात. कुठे ते नायलॉनचे असतात, कुठे पितळी वाणाच्या धातूचे, कुठे लोखंडी नळीत रबर दाबून केलेले, आणि महाग गाड्यांत त्यांच्या जागी सुईएवढ्या रुळांचे बेअरिंग असते. बुश झिजला की चिमटा आडवा सरकू लागतो. दोन बुशांत वीस सेंटिमीटर अंतर आहे आणि चाकाची धुरी तेथून पंचेचाळीस सेंटिमीटर मागे आहे, असे धरून हिशेब मांडला, तर बुशापाशी एक मिलिमीटरची ढिलाई धुरीपाशी सव्वादोन मिलिमीटरची होते. आणि चाक नुसते सरकत नाही, तर तिरपे होते. तिरपे झालेले मागचे चाक मागूनच गाडी वळवू लागते. शेताच्या मोजणीत साखळीची एक कडी चुकली म्हणजे शेवटच्या बांधावर दोन भावांत फौजदारी कशी उभी राहते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

आणि तरीही मी मिस्त्रीचे ऐकले नाही. याचे कारण शोधताना मी स्वतःशी प्रामाणिक राहिलो आहे: दोनशे रुपयांच्या इलाजाला प्रतिष्ठा नसते. तीन महिने ज्या संकटाने माझी झोप उडवली, देवाचा नमस्कार चुकवला, नाक्यावर माझ्या वजनाची जाहीर चौकशी घडवली, ते दोनशे रुपयांत मिटावे, हा त्या संकटाचाही अपमान होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हेच पाहिले आहे. फुकट मिळालेला दाखला लोक तीनतीनदा उलटून पाहतात. खेटे घालून मिळालेला मात्र देवघरात ठेवतात.

घरी मी एवढेच म्हणालो, की चिमटा बदलावा म्हणतो. पत्नीने स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, "अहो, चिमटा चांगला आहे. सांडशीचा मात्र खिळा ढिला झालाय, पातेलं धरलं की हलतं. तेवढा ठोकून आणा." तांत्रिक प्रश्नाचा याहून नेमका निर्णय त्यानंतर मला कोठेही मिळाला नाही. मात्र त्या वेळी मी तो गैरसमज म्हणून फाइलबंद केला, आणि पोटाला चिमटा घेऊन गाडीला चिमटा घेण्याचे ठरवले.

आता फेरफार या शब्दाविषयी थोडे. ज्याने जन्मभर गावनमुना सहावर फेरफाराच्या नोंदी मंजूर होताना पाहिल्या, त्याला फेरफार म्हणजे केवळ शाई आणि सही वाटावी, हे साहजिक आहे. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ सांगते की गाडीत असा कोणताही बदल करू नये, की ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ, पोटकलम ४, परवानगीवाचून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असे बजावते. दर फेरफारामागे! म्हणजे नोंद अशी, की चिमटा एक, त्याचा टेका दोन, लांब साखळी तीन. झिजलेला बुश बदलणे ही दुरुस्ती आणि चिमट्याचे मापच बदलणे हा फेरफार, असा मी माझ्यापुरता अन्वयार्थ लावला, आणि मूळ मापाचाच चिमटा घ्यायचा, केवळ धातू उंची घ्यायचा, अशी पळवाट काढली. पळवाट काढता येत नसेल तर अव्वल कारकून व्हावेच कशाला?

चिमटा मुंबईत एका दुकानात मिळाला. दुकानाचे नाव देत नाही. दुकानदाराने तो मखमलीवर ठेवून दाखवला. चंदेरी, गुळगुळीत, चौकोनी पायांचा. उचलला तर आश्चर्य वाटावे इतका हलका. चाकाबरोबर वर-खाली होणारा भाग जितका हलका, तितके चाक रस्त्याला चिकटून राहते, हे त्याने सांगितले ते खरे आहे. हाच चिमटा तुमच्या गाडीला चपखल बसेल, हे सांगितले ते खरे नव्हते. मी बाहेर पडताना त्याने आशीर्वाद दिल्यासारखे सांगितले, "लाइफटाइम बसेल." कोणाचे, हे त्याने स्पष्ट केले नाही.

२०१३ सालापासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, हे पालघरवासीयांवर रेल्वेचे मोठे उपकार आहेत. परंतु वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोटारसायकलीचा चिमटा घेऊन संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये शिरणे हे त्या उपकारांच्या व्याख्येत बसत नाही. वस्तूचा आकार असा, की ती उभी धरली तर शेजाऱ्याच्या बरगडीत, आडवी धरली तर दोघांच्या. विरारपर्यंत तिच्याविषयी नुसती कुजबुज होती. सफाळे येईतो डब्यात तीन पक्ष पडले. एका पक्षाला ती अपंगाची कुबडी वाटत होती, दुसऱ्याला टीव्हीची छत्री, आणि खिडकीशी बसलेल्या वृद्ध कोळणीने ती सरळ नव्या होडीचे काहीतरी म्हणून माझ्याकडे ममतेने पाहिले. मोटारसायकलीचा स्विंग आर्म आहे, असे मी सांगताच डब्यातील ममता ओसरली. "मग हातात कशाला धरलाय, गाडीला लावा की," असे कोणीतरी मागून बोलले.

लावला असता, पण लागला पाहिजे! मिस्त्रीने काही न बोलता जुना चिमटा काढायला घेतला. न बोलण्यातच त्याचे सगळे बोलणे होते. पिन निघेना. आमच्या बाजूचा पाऊस जून ते सप्टेंबर अशा नेटाने पडतो, की लोखंडाला लोखंड चिकटून एकजीव होते. पिनेवर रॉकेल ओतले, रात्रभर मुरवले, सकाळी लाकडी ठोकळा ठेवून घण घातला. चौदाव्या घावाला ती निघाली. हे घाव मोजण्यापलीकडे माझा सहभाग नव्हता. आत जे दिसले, त्याचा पंचनामा येणेप्रमाणे: बुश दोन, पैकी डावा अंडाकृती झिजलेला, उजवा जवळजवळ बेपत्ता, ग्रीस भरण्याचे निप्पल एक, मातीने बुजलेले, ग्रीस, निरंक. मिस्त्रीने विचारले, "ग्रीस कधी मारलं होतं?" चिमट्याला ग्रीस मारायचे असते, हेच मला त्या दिवशी कळले. पण कारकुनाने अज्ञान थेट कबूल करायचे नसते. "दप्तर पाहून सांगतो," असे मी म्हणालो.

यानंतर नवा चिमटा मखरातून बाहेर निघाला आणि जागी धरला गेला. सांगाड्यातील जागेपेक्षा तो जेमतेम चार मिलिमीटर रुंद होता, म्हणजे फार तर सव्वा सूत. ठोकून बसवावा, अशी सूचना मी केली. मिस्त्रीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने एकदा एका जिल्हाधिकाऱ्यांनी माझ्या टिप्पणीकडे पाहिले होते. चेनची रेषा जुळत नव्हती, ब्रेकचा दांडा पोचत नव्हता, शॉकअपचे खालचे कान अंगठाभर बाहेर येत होते. एक अवयव बदलायला निघालो होतो. आता गाडीनेच चिमट्याच्या मापाची व्हावे, अशी परिस्थिती आली. विवाहसंस्थेत असे घडते, परंतु तेथे परतीचा नियम नाही. येथे होता, असे मला वाटले. दुकानदाराने फोनवर खुलासा केला, की वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेला माल परत घेतला जात नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य आहे. आरंभीच्या बहुतेक मोटारसायकलींना मागे चिमटा नव्हताच. मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे, स्प्रिंगा असत त्या चालकाच्या बैठकीखाली. म्हणजे रस्त्याचे धक्के गाडीने जसेच्या तसे पाठवायचे आणि माणसाने ते मुकाट्याने रुजू करून घ्यायचे. १९४८ मध्ये इंग्लंडातील रॉयल एनफिल्ड कंपनीने हलत्या चिमट्याची बुलेट डोंगराळ चाचणी-स्पर्धेत उतरवली, तेव्हा मागचे चाक असे हलते ठेवले तर चिखलात पकड कशी राहणार, म्हणून जाणत्यांनी नाके मुरडली. पुढे हीच गाडी १९५५ पासून मद्रासेत जुळवली जाऊ लागली. १९५० साली नॉर्टन कंपनीसाठी रेक्स मॅककॅन्डलेस या बेलफास्टच्या गृहस्थाने नवा सांगाडा आणि चिमटा रचला. त्यावर बसून आलेल्या हॅरॉल्ड डॅनियेल या शर्यतपटूने पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, असे उद्गार काढले, आणि त्या सांगाड्याचे नावच पिसांची गादी पडले. आमच्याकडे १९७२ च्या चेतक स्कूटरने निराळीच तऱ्हा दाखवली: तिच्यात इंजिनच चिमट्याचे काम करते आणि चाकाबरोबर वर-खाली होते, शिवाय ते एका अंगाला असल्यामुळे स्वारालाही दुसऱ्या अंगाला किंचित कलून बसण्याची सवय लागते. ज्या पिढीने चेतक चालवली, ती पिढी मी अजूनही बँकेच्या रांगेत कलून उभी असलेली पाहतो.

तर मिस्त्रीने जुना चिमटा रॉकेलने धुतला, त्यावरचा चिखल आणि गंज खरवडला, आणि मला सोबत घेऊन बोईसरला गेला. औद्योगिक वसाहतीच्या सावलीत लेथची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांपैकी एकात एक तरुण कारागीर लेथवर वाकला होता. त्याने बुश नव्हे, आधी पिन मोजली, मग चिमट्याचे घर मोजले, मग म्हणाला, "गनमेटलचे करू." गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचा तो मिश्रधातू, ज्याच्या पूर्वी तोफा ओतीत, नाव तेच राहिले, धंदा बदलला. आमच्या मनोरजवळ अशेरीगडाच्या माथ्यावर एक तोफ अजून उन्हापावसात पडून आहे, पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगडही आहे. तोफेचा धातू अखेर दोन बांगड्या होऊन माझ्या गाडीची शेपूट आवरण्याच्या कामी लागावा, हा इतिहासाचा मला पटलेला एकमेव उपयोग. अर्ध्या तासात दोन पिवळे बुश तयार झाले, आतून आरशासारखे, ग्रीस फिरण्यासाठी बारीक चर कोरलेले. पिनेवर चढवले तर तळहाताच्या दाबाने सरकत होते आणि हलवले तर हलत नव्हते. किंमत मी सांगणार नाही, कारण मूळ अंदाजापेक्षा ती शंभर रुपयांनी जास्त निघाली, आणि मी त्यावर घासाघीस केली, याची मला अजून लाज वाटते. मुंबईच्या दुकानात मखमलीसमोर मी एक अक्षर काढले नव्हते.

चिमटा पुन्हा चढवताना आणखी दोन गोष्टी उजेडात आल्या. मागच्या चाकात तीस पौंड हवा हवी, तेथे बावीस होती. आणि चेन ताणण्यासाठी चिमट्याच्या दोन्ही पायांवर ज्या खुणा कोरलेल्या असतात, त्यांत उजवीकडचा नट डावीकडच्यापेक्षा दोन खुणा पुढे होता. म्हणजे चाक खरोखरच तिरपे बसवलेले होते. मिस्त्रीने सुतळी ताणून मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत रेषा धरून दाखवली. मागच्या चाकाचा मनसुबा वाड्याला जाण्याचा दिसतो, हे मी जे आरंभी अलंकार म्हणून लिहिले, ते निव्वळ वस्तुस्थितिनिदर्शक विधान होते. शेवटची चेन मीच ताणली होती, घरी, पान्हा उसना आणून, पन्नास रुपये वाचवण्यासाठी.

मग ग्रीसगन लावून निप्पलमधून ग्रीस भरले, दुसऱ्या टोकाने ते सापासारखे बाहेर येईपर्यंत. मी एकटाच पालघरकडे निघालो. टेन नाक्यापर्यंत मनात धाकधूक होती. मासवणच्या पुढे काटा साठावर नेला आणि वाट पाहिली. काही झाले नाही. गाडी सरळ जात होती, दूधवाल्याच्या गाडीसारखी, तिच्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटू नये इतकी सरळ. खिंडीत वेग उतरवला, वळणाला कलली आणि वळण संपल्यावर आपण होऊन उभी झाली. देवळासमोर मी हॉर्न वाजवला आणि तीन महिन्यांच्या थकबाकीसह उजवा हात कपाळाशी नेला. बाजूच्या कठड्यावर माकडे बसली होती. त्यांनी नोंद घेतली.

रविवारची मुले पुढच्या फेरीला भेटली, तेव्हा त्यांनी माझे मागचे चाक पुन्हा हलवले, आवाज आला नाही, आणि एकजण म्हणाला, "बघा काका, सांगितलं नव्हतं? आर्म बदलल्यावर किती फरक पडतो!" मी त्यांना मिसळ दिली.

अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा आमच्या परसात आहे. पत्नीने तो दोन पाय वर करून मातीत रोवला आणि त्यावर शिराळ्याचा वेल चढवला. गेल्या श्रावणातल्या वादळात शेजारचा बांबूचा मांडव आडवा झाला, हा जागचा हलला नाही. सांडशीचा खिळा मिस्त्रीने फुकट ठोकून दिला. वाचकांपैकी कोणाची गाडी मागच्या बाजूने चार मिलिमीटर अधिक रुंद असेल आणि त्यांस हा चिमटा हवा असेल, तर मस्तान नाक्यावर चहाच्या टपरीवर निवृत्त भाऊसाहेबांचे घर विचारावे. किंमत येणाऱ्याने सांगावी. मात्र शिराळी संपेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आत, ताबा मिळणार नाही.